प्रेरणा मातीत कधी शिरते?

तुमचा प्रश्न मला असा समजला: चाकावर काही वर्षं काम झालं आहे, माती केंद्रात येते, भिंत सारखी ओढली जाते, झाकणं नीट बसतात. तरी भट्टी उघडली की प्रत्येक भांडं दुसऱ्या कुणाच्या तरी कामाची आठवण करून देतं. निसर्गातून काही घ्यावं म्हणून पानांचे ठसे उमटवून पाहिले, लाटांसारख्या रेषा कोरून पाहिल्या, पण ते सगळं वरून चिकटवल्यासारखं वाटतं. आता एका समूहप्रदर्शनासाठी आयोजकांनी ‘सर्जनशील भूमिका’ म्हणून दीडशे शब्द मागितले आहेत. म्हणून तुम्ही विचारता की प्रेरणा कुठून आणायची, आणि भूमिका आधी ठरवायची की काम आधी करायचं. शेवटी एक ओळ जोडली आहे, की तुमच्याकडे फक्त विजेची भट्टी असल्यामुळे आगीची खरी गंमत तुमच्या वाट्याला येत नाही. त्या ओळीबद्दलही मला बोलायचं आहे.

तुम्हाला प्रेरणेची कमतरता आहे असं मला अजिबात वाटत नाही. पानं तुम्ही पाहिलीत, लाटा पाहिल्यात, त्या आवडल्या म्हणूनच मातीपर्यंत आणल्यात. अडचण आहे ती आणण्याच्या वेळेची. ठसा उमटवायची पाळी येईपर्यंत भांड्याबद्दलचे जवळजवळ सगळे निर्णय होऊन गेलेले असतात. माती कोणती, भिंत किती जाड, पोट कुठे फुगणार, काठ कसा संपणार, बूड किती रुंद, ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) कोणतं, तापमान किती. यातलं बरंचसं आपण ज्यांच्याकडे शिकलो त्यांच्या हातातून आपल्या हातात आलेलं असतं, आणि त्यावर आपण कधी प्रश्न विचारलेला नसतो. मग शेवटी पान येतं आणि त्याला फक्त वरची कातडी मिळते. ते चिकटवल्यासारखं दिसतं, कारण ते खरोखर शेवटी चिकटवलेलं असतं.

पुढे जाण्याआधी एक सांगायला हवं. मी जे लिहिणार आहे त्यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती मला पुरती माहीत नाही. सामायिक स्टुडिओत काम करत असाल, जिथे एकच माती आणि ठरलेली पाच-सहा ग्लेझं तयार मिळतात, तर सगळ्यांची भांडी सारखी दिसणं स्वाभाविक आहे. तिथे आधी माती किंवा निदान एक ग्लेझ स्वतःचं करायला परवानगी मिळते का ते पाहा. तुम्ही रोज वापरायची भांडी करता की फक्त पाहण्याच्या वस्तू, यानेही उत्तर बदलतं. कपाचा काठ ओठाला लागतो, कान बोटांत बसावा लागतो, त्यामुळे तिथलं स्वातंत्र्य वेगळ्या जागी असतं. आणि आठवड्यातून थोडाच वेळ मिळत असेल, तर माझ्यासारखी पूर्ण वेळ काम करणारी व्यक्ती जे सांगते ते तसंच्या तसं उचलू नका.

आता माझ्या कामाबद्दल. मला सुकणाऱ्या जमिनीचं आकर्षण आहे. पाणी ओसरल्यावर गाळाला भेगा पडतात, थर कडेने वर वळतात, मधला भाग बसतो. हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यात माझं असं काही नाही. पण वहीत टिपताना मी दृश्याचं नाव लिहीत नाही, तिथे काय घडतंय ते लिहिते. वरचा थर आधी सुकला. तो आकसला. खालचा अजून ओला होता, म्हणून वरचा फाटला. फाटल्यावर कड मोकळी झाली आणि वळली. एवढं लिहिलं की मातीला विचारण्याजोगा प्रश्न तयार होतो: भांड्याच्या भिंतीतही वरचा थर आधी सुकवला आणि आतला ओला ठेवला, तर काय होईल?

याचं एक उत्तर अनेक कुंभार वापरतात. चाकावर जाडसर, सरळ नळकांडं ओढायचं. बाहेरून सोडियम सिलिकेटचा, म्हणजे वॉटर ग्लासचा, हात द्यायचा. हीट गनने किंवा ज्योतीने बाहेरची बाजू हाताला चिकटेनाशी होईपर्यंत सुकवायची. मग बाहेरून अजिबात स्पर्श न करता फक्त आतून, बोटांनी किंवा रिबने (आकार द्यायच्या चपट्या पट्टीने), भिंत फुगवायची. बाहेरची कडक कातडी ताणली जाते आणि फाटते. जिथे पोट जास्त वाढलं तिथे भेगा रुंद, मानेपाशी आणि बुडापाशी बारीक, आणि जिथे भांडं वाढलंच नाही तिथे गुळगुळीत.

यात भेगा मी काढलेल्या नाहीत. भांडं किती आणि कुठे वाढलं याची ती नोंद आहे. आकार बदलला की पोत बदलतो, दोघांना वेगळं करता येत नाही. मी भेगांची रेघ सुईने कोरली असती तर ती हवी तशी सुंदर काढता आली असती, पण ती आकाराबद्दल काही बोलली नसती. माझी सगळी सर्जनशील भूमिका या एका गोष्टीत आहे: पृष्ठभागावर जे दिसेल ते भांड्याला घडलेल्या एखाद्या घटनेमुळे दिसावं. हे तंत्र माझं नाही, ते कुणीही शिकू शकतं. पण हा आग्रह धरला की पुढचे शंभर निर्णय आपोआप वेगळे होतात. उदाहरणार्थ, भेगांच्या खोलीत साचेल आणि कडेवर पातळ होईल असंच ग्लेझ मला लागतं. जाड, अपारदर्शक ग्लेझ कितीही देखणं असलं तरी ते या भांड्याचं बोलणं बुजवतं.

दुसऱ्या कुणाचा आग्रह याच्या नेमका उलट असेल आणि तोही तितकाच खरा असेल. सिरॅमिक कलाकार ल्युसी री यांचं उदाहरण मला यासाठी फार जवळचं आहे. १९०२ साली व्हिएन्नात जन्मलेल्या री १९३८ मध्ये लंडनला आल्या आणि युद्धाच्या काळात सिरॅमिकची बटणं करून त्यांनी स्टुडिओ चालवला. पुढे इंग्लंडमधल्या एव्हबरीच्या संग्रहालयात त्यांनी प्रागैतिहासिक भांड्यांवर कोरलेल्या रेषा पाहिल्या, आणि त्या कोरायला वापरली असावीत अशी पक्ष्यांची हाडं शेजारी मांडलेली होती. आपल्यापैकी बरेच जण इथे त्या भांड्याचा आकार उचलतील किंवा नक्षीची नक्कल करतील. री यांनी उचलली ती कृती, टोकदार वस्तूने ओरखडण्याची. मँगनीजच्या गडद थरातून सुईने बारीक रेषा ओढून खालचा फिका रंग उघडा करायचा. त्या रेषा त्यांच्या पातळ वाडग्यांवर काठाकडे धावतात आणि वाडगा आणखी ताणलेला, आणखी हलका वाटायला लागतो. म्हणजे रेषा सजावट असूनही आकाराचं काम करते. हजारो वर्षांपूर्वीच्या भांड्यातून आलेली गोष्ट विसाव्या शतकातल्या शहरी, नाजूक वाडग्यात जराही परकी वाटत नाही, ती यामुळे.

आणि हे सगळं विजेच्या भट्टीत झालं. री कच्च्या भांड्यावरच ब्रशने ग्लेझ लावत आणि एकदाच भाजत. ज्वाला नाही, राख नाही. तेव्हा तुमच्या त्या शेवटच्या ओळीला माझं उत्तर आहे की विजेची भट्टी ही गरिबी नव्हे, ती वेगळी अट आहे. लोखंडाचंच घ्या. ग्लेझमध्ये एक-दोन टक्के लोह ऑक्साइड असेल आणि भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवून रिडक्शनमध्ये भाजलं, तर सेलाडॉन म्हणून ओळखला जाणारा निळसर हिरवा रंग मिळतो. तेच ग्लेझ विजेच्या भट्टीत, भरपूर ऑक्सिजनमध्ये भाजलं तर मधासारखा पिवळट रंग येतो. ज्याला सेलाडॉनच हवाय त्याची निराशा होईल. पण मधाचा तो रंग पारदर्शक असतो, खोलगट जागी गडद होतो, आणि त्याच्यासाठी योग्य आकार शोधायचं काम फारच थोडे लोक मनापासून करतात.

थंड होण्याचा वेग हा तर विजेच्या भट्टीतला मोठा निर्णय आहे, आणि तापमान सांभाळणारा नवीन कंट्रोलर असेल तर तो पूर्ण तुमच्या हातात असतो. अनेक मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, ग्लेझांचा मऊपणा थंड होताना वाढणाऱ्या सूक्ष्म स्फटिकांमुळे येतो. साधारण ११०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात भट्टी हळू उतरवली तर स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो. भरभर उतरवली तर तेच ग्लेझ चकचकीत निघू शकतं. एकच माती, एकच ग्लेझ, एकच वरचं तापमान, आणि दोन वेगळे पृष्ठभाग. किती जण हे स्वतःच्या भांड्यासाठी ठरवतात? बहुतेक जण भट्टी बंद करून घरी जातात. (मँगनीज वापरणार असाल तर भट्टीच्या खोलीत हवा बाहेर जायची सोय हवीच, आणि कोरडी माती किंवा ग्लेझची पूड हाताळताना मास्क हवाच. यात तडजोड नको.)

प्रेरणेबद्दल बोलताना आपण पानं-फुलं-डोंगर मोजतो आणि माती विसरतो, याचं मला वाईट वाटतं. माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त कल्पना हातातल्या पदार्थाकडून येतात. मातीचे कण चपट्या पापुद्र्यांसारखे असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी असतं, म्हणून ते एकमेकांवर सरकतात. चाकावर ओढताना ते एका दिशेने लागतात आणि ती दिशा भांडं सुकल्यावरही आत राहते. चाकावर काढलेली चहाच्या किटलीची चोच भट्टीत किंचित पिळवटते, म्हणून जाणकार कुंभार तिचं तोंड कापतानाच जरा तिरकं कापतात, भाजल्यावर ते सरळ यावं म्हणून. म्हणजे आपण दिलेली हालचाल माती साठवून ठेवते आणि आगीत पुन्हा बोलून दाखवते. मला हे कळलं तेव्हा एका पूर्ण मालिकेचा विषय मिळाला. चोच सरळ करायची नाही, पिळाला जागा द्यायची, असं ठरवून केलेली भांडी मी आजही करते.

स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची, माती ओल्यापासून भाजण्यापर्यंत साधारण दहा-बारा टक्के आकसते. पण आकारापेक्षा मोठा बदल असतो तो स्वभावाचा. चाकावर ओलं भांडं चमकतं, श्वास घेतल्यासारखं भरलेलं दिसतं. सुकलं की तेच निस्तेज, ताठ. अनेक कलाकारांचं आयुष्यभराचं काम म्हणजे त्या ओल्या क्षणातलं काहीतरी भट्टीच्या पलीकडे पोहोचवण्याची धडपड आहे. कुणी बोटांच्या खुणा ठेवतं, कुणी ट्रिमिंग (अर्धवट सुकल्यावर भांडं तासणं) टाळतं, कुणी ग्लेझचा ओघळ मधेच थांबू देतं. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला सिरॅमिक कलाकार मॅगडलीन ओडुंडो आहेत. त्या चाक न वापरता हाताने भांडं उभं करतात, अत्यंत बारीक मातीचा थर देऊन घोटून घोटून गुळगुळीत करतात, ग्लेझ लावत नाहीत. ऑक्सिजनमध्ये भाजलं की ते नारिंगी-लाल, पुन्हा ऑक्सिजन तोडून भाजलं की काळं. त्यांच्या भांड्यांची मान, पोट, झुकणं यात माणसाचं शरीर सहज दिसतं, पण त्यावर शरीर कुठेही काढलेलं नाही. प्रेरणा थेट आकारात शिरली आहे, वर काही चढवायची गरजच उरलेली नाही.

‘इतरांसारखं दिसतं’ या तुमच्या तक्रारीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सारखं दिसण्याची भीती बाळगून फार काही मिळत नाही, ते नीट तपासून मात्र मिळतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी असं करायला सांगते: जे भांडं तुम्हाला झपाटून टाकतं त्याच्यासमोर बसा, ते मन लावून काढा, मापं घ्या, त्याची हुबेहूब प्रतिकृती करून पाहा. ती विकायची नाही, मांडायची नाही. मग मूळ भांडं आणि चित्र दोन्ही दूर ठेवा आणि काही दिवसांनी फक्त आठवणीतून तेच भांडं करा. पुन्हा काही दिवसांनी, पुन्हा आठवणीतून. शेवटी सगळी शेजारी मांडा. आठवण काही गोष्टी गाळते आणि काही वाढवते. कुणाचं पोट दरवेळी खाली सरकतं, कुणाचा काठ जाड होत जातो, कुणाचं बूड लहान होतं. हा जो सातत्याने होणारा फरक आहे, तो तुमचा आहे. तो तुम्ही ठरवून आणलेला नाही आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवता येतो. पुढची भांडी त्या फरकाच्या दिशेने थोडी जास्त ढकला.

यासाठी एकच आकार बराच काळ धरून ठेवावा लागतो, आणि इथे बहुतेक लोक कंटाळतात. जपानी कुंभार शोजी हमादा यांनी जपानच्या ओकिनावात पाहिलेला ऊस काही मोजक्या फटकाऱ्यांत भांड्यावर उतरवला आणि मग कित्येक दशकं तोच रंगवत राहिले. १९५५ साली जपानने ज्या कलाकाराला जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून मान दिला, त्याच्याकडे विषयांची टंचाई नक्कीच नव्हती. एकाच खुणेकडे परत परत गेल्यामुळे ती ऊसाचं चित्र उरली नाही, हाताची चाल झाली. नवीन विषय दर महिन्याला शोधणाऱ्याला ही चाल सापडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एका मोसमासाठी एक माती, एक आकार, दोन ग्लेझं एवढंच ठेवून पाहा. तुटलेली आणि बिघडलेली भांडी लगेच फेकू नका. ती उभी कापून भिंतीचा छेद पाहा. आपण वजन कुठे नको तिथे ठेवतो, ते छेद जितकं स्पष्ट सांगतो तितकं कुणी शिक्षक सांगत नाही.

आता भूमिका आधी की काम आधी. चाकावर बसणाऱ्या बहुतेकांसाठी काम आधी. पण हा नियम नाही. चिनी कलाकार आय वेवे यांनी २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात सूर्यफुलाच्या बिया मांडल्या होत्या, सुमारे दहा कोटी, पोर्सेलिनच्या (चिनी मातीच्या), जिंगदेझेन या चीनच्या शेकडो वर्षं जुन्या पोर्सेलिन-नगरीतल्या कारागिरांनी हाताने केलेल्या आणि रंगवलेल्या. तिथे विचार आधी असणारच. तरी पाहा, माती कोणती, ती कुठली आणि ती कोणाच्या हातून घडली हे त्या विचाराचाच भाग आहे. यंत्रावर काढलेल्या प्लास्टिकच्या बियांनी ते काम झालं नसतं. म्हणजे विचार आधी आला काय किंवा नंतर, तो मातीच्या निर्णयांपर्यंत पोहोचला आहे की नाही एवढंच मी तपासते.

तुमच्या दीडशे शब्दांसाठी हीच पद्धत वापरा. तुमची स्वतःला आवडणारी पाच-सहा भांडी टेबलावर ठेवा, दुसऱ्यांना आवडणारी नव्हे. त्यांत समान काय आहे आणि कुणी कितीही सांगितलं तरी तुम्ही काय बदलणार नाही, ते लिहून काढा. ‘निसर्गाच्या विविध रूपांनी मला नेहमीच भुरळ घातली आहे’ हे वाक्य कुणाच्याही भांड्याखाली चालतं, म्हणून ते खोडा. ‘मी काठ शेवटपर्यंत ओला ठेवते आणि ट्रिम करत नाही, कारण भांडं जिथे थांबलं ती जागा दिसावी असं मला वाटतं’ अशा वाक्यात तुम्ही काय करता आणि का करता हे दोन्ही येतं, आणि पाहणारा ते समोरच्या भांड्यावर पडताळून पाहू शकतो. अशी तीन वाक्यं झाली तरी पुरेत. दीडशे शब्द भरलेच पाहिजेत असं नाही.

पानांचे ठसे असलेली भांडी या प्रदर्शनात ठेवू नका, पण ती कल्पना सोडूही नका. पुढच्या वेळी चाकाऐवजी जाडसर, मऊ स्लॅब (मातीची लाटलेली सपाट पाटी) घ्या आणि पान तेव्हाच दाबा, जेव्हा माती अजून पूर्ण लवचीक आहे. ठसा उमटला की पान काढा, स्लॅब उलटी करा आणि मागून, ठशाच्या बरोबर खालून, हळूहळू ताण द्या. पानाच्या शिरा एकमेकींपासून दूर सरकतील, मधला भाग फुगेल, कडा पुसट होतील. भांड्याचं पोट त्या फुगवट्यातूनच घडवा, आधी ठरवलेला आकार त्याच्यावर लादू नका. भिंत तिथे पातळ होणार आहे, म्हणून सुकवताना प्लास्टिक टाकून अगदी सावकाश सुकवा आणि जोड दिला असेल तर त्या बाजूला जास्त वेळ झाका. वर पातळ, पारदर्शक ग्लेझ द्या. वर सांगितलेलं, तो मधाचा रंग देणारं ग्लेझ चालेल असं वाटतं, पण आधी त्याच मातीच्या, त्याच पद्धतीने ताणलेल्या तुकड्यावर चाचणी घ्या. सपाट टेस्ट टाइल इथे काही सांगणार नाही.